दोन जिवांचा योग: कसा करायचा, किती करायचा, कुठे थांबायचं

पाचव्या महिन्यात फुलपाखरू आसन (बद्धकोनासन) करताना गुडघे अचानक जमिनीला टेकायला लागले, तर ती सरावाची किमया नसते. गरोदरपणातल्या संप्रेरकांमुळे सांधे बांधून ठेवणारे अस्थिबंध सैल पडतात. बाळाला वाट मिळावी म्हणून शरीराने केलेली ती तयारी असते. त्या सैलपणाच्या भरवशावर जास्त ताणलं तर त्या दिवशी काहीच कळत नाही. दोन दिवसांनी माकडहाडाच्या बाजूला नाहीतर पुढे जांघेच्या मधल्या हाडात कळ सुरू होते आणि मग रात्री कूस बदलतानाही जीव नकोसा होतो. म्हणून या नऊ महिन्यांत पूर्वी जिथवर जात होतात, त्याच्या जरा अलीकडेच थांबायचं. अंग किती वाकलं याचा हिशोब सोडून द्या. श्वास किती सावकाश सुटला आणि रात्री झोप कशी लागली, एवढंच पाहा.

डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं

"योग केला तर चालेल का?" असं विचारलं की बहुतेक वेळा "हो, करा की" एवढंच उत्तर येतं आणि पुढचा पेशंट आत येतो. त्याऐवजी सोनोग्राफीचा रिपोर्ट पुढे ठेवून तीन गोष्टी विचारा. वार (प्लासेंटा) कुठे आहे? गर्भाशयाच्या तोंडाची लांबी ठीक आहे का? हिमोग्लोबिन किती आहे? या तीन उत्तरांवर बराचसा सराव ठरतो.

अंगावरून रक्त जात असेल, पाणी जात असेल, वेळेआधी कळा येऊन गेल्या असतील, गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातला असेल, गरोदरपणात बीपी वाढून लघवीत प्रथिनं जात असतील, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा मोठा आजार असेल, किंवा हिमोग्लोबिन फारच खाली गेलं असेल, तर आसनं करायची नाहीत. जुळं असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच. विसाव्या आठवड्याच्या आसपास वार खाली दिसली तरी लगेच घाबरू नका. गर्भाशय वाढतं तशी ती बहुतेकींची वर सरकते. पुढच्या सोनोग्राफीत पुन्हा विचारा, तोवर उकिडवं बसणं आणि पाय फाकवून करायची आसनं बाजूला ठेवा. आसनं बंद असली तरी साधा श्वास आणि डाव्या कुशीवरची विश्रांती बहुधा चालते. तेही विचारूनच घ्या.

जागा आणि सामान

पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी लोड, पट्टे, खुर्च्या यांच्या आधाराने आसन करायची पद्धत रुजवली. ती गरोदर बाईइतकी दुसऱ्या कुणाच्या कामी येत नसेल. त्यासाठी विकत काही आणायला नको. एक न घसरणारी मॅट किंवा दुहेरी सतरंजी, एक लोड, तीन घट्ट उशा, दोन जाड चादरी, एक पाट, मोकळी भिंत आणि हात नसलेली एक खुर्ची. खुर्ची भिंतीला टेकवून तिचे पाय मॅटवरच ठेवा. टाइल्सवर प्लास्टिकची खुर्ची नेमकी तुम्ही वजन टाकता तेव्हाच सरकते आणि पोट पुढे आल्यावर तोल सावरायला वेळ लागतो.

जेवणानंतर दोन तास थांबा, पण उपाशीपोटीही करू नका. "योग रिकाम्या पोटी" हा नियम इथे लागू नाही, चक्कर येते. अर्धा तास आधी एक केळं किंवा दोन खजूर आणि पाणी पुरे. मधुमेह असेल तर काय खायचं ते डॉक्टरांना विचारा. कपड्याची नाडी सैल बांधा. पंखा चालू ठेवा. एप्रिल-मेमध्ये सराव पहाटेच उरकावा, कारण शरीराचं तापमान फार वाढणं बाळाला चांगलं नाही. तापवलेल्या खोलीतला हॉट योगा तर नकोच.

श्वास: खरं काम इथे होतं

चादरीची तीन-चार इंच उंच घडी घालून तिच्या कडेवर बसा, म्हणजे कुल्ले गुडघ्यांपेक्षा वर राहतील. पाठ भिंतीला. असं बसलं की पोट दबत नाही आणि बरगड्यांना जागा मिळते. शेवटच्या महिन्यांत गर्भाशय वर सरकून पोट आणि छातीमधला पडदा सुमारे चार सेंटिमीटर उचललेला असतो. त्यात प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे श्वास मुळातच जास्त घेतला जातो. त्यामुळे पूर्वी आठ आकडे सहज लांबणारा श्वास आता पाचवरच संपतो. त्यात काळजीचं काही नाही.

दोन मिनिटं श्वास जसा चालला आहे तसा चालू द्या. मग चार आकडे मोजत नाकाने आत, सहा आकडे मोजत बाहेर, अशी दहा आवर्तनं करा. दम लागल्यासारखं वाटलं तर तीन आणि चार करा. बाहेर जाणारा श्वास आत येणाऱ्यापेक्षा लांब हवा, आकडा कितीही चालेल. उच्छ्वास लांबला की हृदयाची गती मंदावते, खांदे आपोआप उतरतात, जबडा सुटतो. चूक होते ती आकडे घाईघाईने मोजण्यात. भिंतीवरच्या घड्याळाच्या टिकटिकीवर मोजा.

त्यानंतर अनुलोम-विलोम. उजव्या हाताचा अंगठा उजव्या नाकपुडीवर अलगद ठेवा, डावीने श्वास घ्या. मग अनामिकेने डावी बंद करून उजवीने सोडा. उजवीने घ्या, डावीने सोडा. हे एक आवर्तन. पाच ते सात पुरेत. मध्ये श्वास रोखायचा नाही, कुंभक या काळात पूर्ण बंद. गरोदरपणात नाक चोंदणं अगदी नेहमीचं आहे, सर्दी नसतानाही. तसं असेल त्या दिवशी जोर लावून नाक उघडायला जाऊ नका, सरळ भ्रामरी करा. ओठ मिटलेले, दात एकमेकांपासून सुटे, आणि श्वास सोडताना घशातून मंद गुंजारव. कान दाबून बंद करायची गरज नाही. हात मांडीवर किंवा पोटावर असू द्या. पाच-सात वेळा करा. झोप उडालेल्या रात्री अंथरुणातच कुशीवर पडून केली तरी चालते.

कपालभाती, भस्त्रिका, अग्निसार, उड्डियान बंध, नौली यांना सुट्टी. एकतर ओटीपोटाला झटके बसतात, दुसरं म्हणजे भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरून डोकं हलकं होतं. व्हॉट्सॲपवर कुणी "मी नवव्या महिन्यापर्यंत कपालभाती केली" असं लिहिलं असेल, तर त्यांचं निभावलं, एवढाच त्याचा अर्थ.

डोळे मिटून बसलं की काहीजणींची घालमेल कमी व्हायच्या ऐवजी वाढते, विशेषतः आधी गर्भपात झालेला असेल तर. अशा वेळी डोळे उघडे ठेवा, समोर समई, कुंडी, काहीही एक वस्तू पाहत श्वास मोजा. जमिनीला टेकलेले पाय, मांडीवरचे तळवे जाणवू द्या. "मन एकाग्र होत नाही" म्हणून स्वतःवर चिडायचं कारण नाही.

आसनं, पंधरा ते वीस मिनिटांची

सुरुवात घोट्यांपासून. पाय पसरून बसा आणि दोन्ही घोटे दहा वेळा एका बाजूने, दहा वेळा दुसऱ्या बाजूने फिरवा. मग पंजे स्वतःकडे ओढा. रात्री पोटरीत गोळा आला तरी हेच करायचं: टाच पुढे ढकला, बोटं स्वतःकडे. बोटं पुढे ताणली तर गोळा आणखी घट्ट होतो.

मग मार्जारासन. या नऊ महिन्यांत एकच आसन करायचं ठरवलं, तर ते हे असावं. गुडघ्यांखाली चादरीची घडी, गुडघे कुल्ल्यांइतके अलग, तळवे खांद्यांच्या सरळ खाली. श्वास घेताना पाठ टेबलासारखी सपाट. श्वास सोडताना माकडहाड आत वळवा, पाठ वर गोल करा, हनुवटी छातीकडे आणा, जणू बाळाला पाठीकडे उचलून घेता आहात. पुन्हा श्वास घेत सपाट. एरवी या आसनात कंबर खाली सोडून पोट लोंबू देतात. आता ते करायचं नाही, कारण पोटाच्या वजनाने कंबरेचा बाक आधीच वाढलेला असतो. आठ वेळा सावकाश करा. बाळाचं वजन काही क्षण कण्यावरून उतरतं आणि दिवसभर आखडलेली कंबर सुटते. मनगटं दुखत असतील किंवा बोटांना मुंग्या येत असतील, जे सूज आल्यावर बऱ्याचजणींना होतं, तर तळव्यांऐवजी मुठी टेका. तेही जमत नसेल तर गुडघ्यांवर उभं राहून कोपरापासून पुढचे हात खुर्चीच्या बैठकीवर ठेवा.

उभ्याची आसनं भिंतीशी. ताडासनात टाचा भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे, पावलं कुल्ल्यांइतकी अलग, हात वर नेताना पाठ भिंतीला टेकलेली. पोट दिसायला लागलं की टाचा उचलायच्या नाहीत. वीरभद्रासनात पुढच्या पायाची मांडी खुर्चीच्या बैठकीवर टेकवा, हात बाजूला पसरा, पाच श्वास थांबा, मग दुसरी बाजू. त्रिकोणासनात पाठ भिंतीला, खालचा हात जमिनीऐवजी खुर्चीवर. पावलांतलं अंतर नेहमीपेक्षा कमी ठेवा. उभं असताना डोकं हलकं वाटलं तर लगेच बसा, "एवढं पूर्ण करते मग बसते" नको.

बद्धकोनासन भिंतीला टेकून, दोन्ही गुडघ्यांखाली उश्या ठेवून करा. पायांचे तळवे एकमेकांना लावलेले, टाचा अंगापासून वीतभर दूर. गुडघे फडफडवायचे नाहीत, नुसतं दोन-तीन मिनिटं बसायचं. जांघेच्या मधल्या हाडात दुखत असेल तर हे आणि पाय फाकवायची बाकी सगळी आसनं बंद. अशा दुखण्यात सलवार घालतानाही एका पायावर उभं राहू नका, बसून घाला.

मलासनासाठी, म्हणजे उकिडवं बसण्यासाठी, खिडकीचे गज किंवा जड पलंगाची कड धरा, मागे पाटावर उशी ठेवून तिच्यावर टेका. टाचा उचलल्या जात असतील तर खाली चादरीची गुंडाळी सरकवा. सुरुवातीला अर्धा मिनिट पुरे. भारतीय पद्धतीच्या संडासाची सवय असलेल्यांना हे सहज जमतं, कमोडवर वाढलेल्यांना पोटऱ्या ओढतात. मूळव्याध असेल किंवा शेवटच्या महिन्यांत बाळ पायाळू असेल, तर विचारल्याशिवाय करू नका.

वळण घ्यायचं तर मांडी घालून बसा आणि फक्त खांदे फिरवून मागे पाहा; पोट समोरच राहू द्या. पालथं पडून करायची आसनं, डोकं खाली पाय वर, नौकासन, पाय जुळवून पुढे वाकणं, उड्या, हे सगळं बाळंतपणानंतर. नौकासनात पोटाचे मधले स्नायू एकमेकांपासून आणखी दूर ताणले जातात. पाठीवरून उठताना पोटाच्या मधोमध डोंगरासारखा उंचवटा दिसला, तर ते तेच. म्हणून कधीही सरळ उठून बसू नका. आधी कूस, मग हाताने जमीन ढकलत बसणं. तेव्हाही श्वास रोखायचा नाही.

शेवटी शवासन, पण कुशीवर

साधारण विसाव्या आठवड्यापासून पाठीवर फार वेळ पडायचं नाही. गर्भाशयाचा भार कण्याशेजारच्या मोठ्या शिरेवर पडून हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं. मळमळ, घाम, चक्कर ही त्याची लक्षणं. झोपेत पाठीवर आलात आणि जाग आली, तर नुसतं कुशीवर वळा.

डावी कूस घ्या. एक उशी डोक्याखाली. वरचा गुडघा वाकवून पुढे लोडावर, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत सगळा पाय लोडावर यायला हवा, नुसता गुडघा टेकला तर कुल्ला पिळतो. पोट आणि जमीन यांच्यातल्या फटीत पातळ घडी सारा. खालचा हात खांद्यासह थोडा पुढे ओढून घ्या, नाहीतर तो मुंग्यांनी भरतो. पांघरूण घ्या आणि दहा मिनिटं पायाच्या बोटांपासून कपाळापर्यंत एकेक अवयव मनाने सैल सोडत जा. झोप लागली तर लागू द्या.

सगळं मिळून चाळीस मिनिटं होतात, आठवड्यातून चार-पाच दिवस. बाकी चालणं. जागतिक आरोग्य संघटना गरोदर स्त्रियांसाठी आठवड्याला दीडशे मिनिटांची मध्यम हालचाल सुचवते. माप सोपं आहे: हालचाल चालू असताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे.

पहिल्या तीन महिन्यांत उलट्या आणि थकव्यातून जमेल तेवढा श्वास आणि विश्रांती. आधी सराव नसेल तर आसनं चौदाव्या आठवड्यानंतरच सुरू करा. त्याआधी गर्भ पडला तर "योग केला म्हणून" असं घरात म्हटलं जातं आणि बाई ते आयुष्यभर मनाला लावून घेते. सुरुवातीच्या गर्भपातांमागे बहुतांशी गर्भाच्या गुणसूत्रांतला दोष असतो. आठव्या महिन्यापासून उभ्याची आसनं कमी करा आणि कळांची तयारी करा: तळहातावर बर्फाचा खडा धरा, घड्याळात एक मिनिट लावा आणि लांब उच्छ्वास चालू ठेवा. मूठ आवळली जाते की सुटी राहते, खांदे वर चढतात का, हे तिथेच कळतं. थंडी जास्तच टोचायला लागली तर खडा सोडून द्या.

प्रतिकारशक्तीचं काय

बाळाला परकं समजून शरीराने हाकलू नये म्हणून गरोदरपणात प्रतिकारयंत्रणा आपली चाल बदलते. त्यामुळेच फ्लूसारखा आजार एरवीपेक्षा जास्त बळावू शकतो. योगाने यात किती फरक पडतो? तैवानमधल्या ९४ गरोदर स्त्रियांवरचा एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. वीस आठवडे, आठवड्यातून दोनदा सत्तर मिनिटं योग करणाऱ्या गटात सत्रानंतर लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक कमी आढळलं आणि नाक-घशाच्या अस्तराचं रक्षण करणारी आयजीए प्रतिपिंडं जास्त. निष्कर्ष आशादायक आहे, पण लाळेतला आकडा वाढला म्हणजे ताप येणार नाही, असं त्यातून सिद्ध होत नाही. योगाचा हातभार ताण उतरण्यातून आणि झोप सुधारण्यातून मिळतो, एवढं धरून चला.

बाकीचं काम लस आणि गोळ्यांचं. दिवस गेल्याचं कळताच टीडीचा (धनुर्वात आणि घटसर्पाच्या लशीचा) पहिला डोस, चार आठवड्यांनी दुसरा. फ्लूच्या लशीबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं होतं. त्यामुळे सरकारी दवाखान्यातून मिळणारी ६० मिलिग्रॅम लोहाची आणि फॉलिक ॲसिडची रोजची गोळी चौथ्या महिन्यापासून किमान १८० दिवस चुकवू नका. चहा आणि कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत घेतली की लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळलेल्या जेवणानंतर घ्या, चहा निदान तासाभराने. प्रतिकारशक्तीचे काढे जपून. ज्येष्ठमध जास्त झालं तर बीपी वाढतं.

जिथे योग पुरत नाही

दोन आठवडे सलग मन उदास, कशातच रस नाही, पहाटे तीनला जाग येऊन छाती धडधडते, किंवा स्वतःला इजा करावीशी वाटते, तर हे श्वास मोजून बरं होणारं दुखणं नाही. डॉक्टरांना सांगा, किंवा १४४१६ या टेलिमानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) मोफत क्रमांकावर बोला. मराठीतही बोलता येतं. मानसिक आजाराची गोळी आधीपासून चालू असेल तर योग सुरू केला म्हणून ती स्वतःहून बंद करू नका. आणि घरात "मुलगाच हवा" चालू असेल, तर भ्रामरीने बाईला चार मिनिटं शांतता मिळेल, घर बदलणार नाही. नवऱ्याने रोज संध्याकाळची भांडी घासली, तर त्याचा परिणाम कधीकधी अनुलोम-विलोमापेक्षा जास्त दिसतो.

सराव करताना रक्त किंवा पाणी गेलं, पोट ठरावीक वेळाने कडक व्हायला लागलं, छातीत दुखलं, डोकं फार ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, बसल्या जागी दम लागला किंवा एकाच पोटरीत दुखून सूज आली, तर थांबा आणि दवाखाना गाठा. अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर कुशीवरच्या शवासनात बाळाच्या हालचालींकडे लक्ष देत जा. रोज या वेळी ते कसं वळवळतं, हे आठवडाभरात ओळखीचं होतं. एखाद्या दिवशी हालचाल कमी वाटली तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी तपासून घ्या.